समुदायाधारित बालसंगोपन केंद्र : इतिहास आणि कार्यपद्धती
(बोर्डी-कोसबाडचा वारसा आणि कोराडी परिसराची गरज)

प्रस्तावना

बालकाचे संगोपन हे कुटुंबाचे, विशेषतः मातेचे कर्तव्य होय, अशी आपल्या समाजाची परंपरागत धारणा आहे. संयुक्त कुटुंबात आजी, काकू, मोठी बहीण अशा अनेक हातांनी हे कर्तव्य वाटून घेतले जात असल्यामुळे त्याचा भार एकट्या मातेवर पडत नसे. औद्योगिकीकरण, स्थलांतर आणि मजुरीवर अवलंबून असलेली जीवनपद्धती यांमुळे ही व्यवस्था विस्कळीत झाली. माता घराबाहेर कामाला जाऊ लागली; परंतु तिच्या मागे राहिलेल्या बालकाची जबाबदारी कोणी घ्यावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर समाजाने अद्याप शोधलेले नाही.

नागपूर शहराच्या उत्तरेस असलेले कोराडी हे गाव श्री महालक्ष्मी जगदंबा देवस्थानासाठी आणि औष्णिक विद्युत केंद्रासाठी सर्वपरिचित आहे. १९७४ मध्ये येथील विद्युत केंद्राचा पहिला संच कार्यान्वित झाला. पुढे २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन नवे संच सुरू झाले. या वाटचालीबरोबर शेतीवर जगणाऱ्या परिसराचे रूपांतर मजुरी, कंत्राटी काम, बांधकाम, वीटभट्टी, घरकाम आणि किरकोळ व्यवसाय यांवर जगणाऱ्या परिसरात होत गेले. अशा कामांवर जाणाऱ्या स्त्रीला सकाळी घर सोडावे लागते व सायंकाळी परतावे लागते. मधल्या आठ-नऊ तासांत तिचे दीड वर्षाचे मूल कोठे असते, या साध्या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा विषय उद्भवला आहे.

प्रस्तुत लेखात समुदायाधारित बालसंगोपन केंद्र ही संकल्पना, महाराष्ट्रातील तिचा इतिहास, शासकीय योजनांमधून झालेला तिचा विस्तार, केंद्राची प्रत्यक्ष कार्यपद्धती आणि कोराडीसारख्या औद्योगिक परिसरातील तिची आवश्यकता यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना

बालसंगोपन केंद्राचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार शुल्क आकारून चालविल्या जाणाऱ्या खाजगी पाळणाघरांचा, दुसरा मालकाने कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी चालवावयाच्या पाळणाघरांचा आणि तिसरा समुदायाधारित केंद्रांचा. तिसऱ्या प्रकारात जागा, मनुष्यबळ, वेळापत्रक आणि देखरेख या चारही बाबी वस्तीशी निगडित असतात. केंद्र वस्तीतच असते, सेविका वस्तीतील असते, वेळ मातांच्या कामाप्रमाणे ठरते आणि हिशेब वस्तीसमोर मांडला जातो. निधी शासनाचा, संस्थेचा वा लोकवर्गणीचा असू शकतो. केवळ निधीच्या स्रोतावरून केंद्र समुदायाधारित आहे किंवा नाही, हे ठरत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. बालवाडी प्रामुख्याने तीन ते सहा वर्षे वयोगटाच्या शिक्षणासाठी असते व काही तास चालते. पाळणाघर सहा महिन्यांपासूनच्या बालकांच्या दिवसभराच्या सांभाळासाठी असते. समुदायाधारित बालसंगोपन केंद्रात या दोहोंचा आणि पोषण व आरोग्यसेवेचाही समन्वय अपेक्षित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

(अ) ताराबाई मोडक यांचे कार्य

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते, ही बाब विदर्भातील वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. पुढे राजकोट येथील नोकरीनंतर त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीचे भारतीय परिस्थितीशी अनुकूलन करण्याचे कार्य या दोघांनी केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

शिशुविहारातील शिक्षण उत्तम होते. तथापि त्याचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गास मिळत होता. माँटेसरी साधने महाग, इमारत आवश्यक, शिक्षिका विशेष प्रशिक्षित. हे सर्व खेड्यास परवडणारे नव्हते. त्याच सुमारास वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे नई तालीमच्या विचारात पूर्व-बुनियादी शिक्षणाचा समावेश झाला होता आणि शांता नारुळकर यांनी त्या क्षेत्रात महत्त्वाचे कार्य केले. बालशिक्षण गरीब देशास परवडेल अशा स्वरूपात खेड्यात गेले पाहिजे, हा विचार या काळात दृढ झाला.

१९४५ च्या डिसेंबरमध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. बालविधवा असलेल्या अनुताईंनी प्रतिकूल परिस्थितीत शिक्षण पूर्ण केले होते. बोर्डीस आल्यानंतर त्यांचे उर्वरित आयुष्य याच कार्यास वाहिलेले राहिले.

(आ) अंगणवाडीचा उगम

बोर्डी येथे प्रारंभी केंद्रीय बालवाडी सुरू करण्यात आली. गावातील काही मुले येऊ लागली; परंतु ज्यांच्यासाठी केंद्र प्रामुख्याने काढले होते ती दलित व आदिवासी वस्तीतील मुले येईनात. घरापासूनचे अंतर, अंगावर धड वस्त्र नसणे, गावाच्या मध्यवस्तीत जाण्याचा संकोच आणि धाकट्या भावंडास सांभाळण्याची जबाबदारी अशी कारणे यामागे होती. यावर ताराबाई व अनुताई यांनी काढलेला मार्ग अत्यंत सोपा, पण दूरगामी ठरला. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. सेविका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात किंवा झाडाखाली मुलांना गोळा करू लागली. त्यांची तोंडे धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून कामास प्रारंभ होई. मग गाणी, गोष्टी, खेळ व हस्तव्यवसाय. यातूनच अंगणवाडी ही कल्पना आकारास आली.

शैक्षणिक साधनांच्या बाबतीतही हीच दृष्टी होती. चिंचोके, शिंपले, बिया, पाने, काड्या, माती अशा परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंपासून गणन, वर्गीकरण, रंग व आकार यांची ओळख करून देण्यात येई. साधन तुटले तर खेद नसे. दुसरे लगेच तयार करता येत असे.

(इ) कोसबाड : पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य वारली आदिवासींच्या परिसरात, कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे आणखी एका अडचणीचे स्वरूप स्पष्ट झाले. प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. मुलगा येत नाही, कारण तो गुरे राखतो. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकटे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण शाळेत, अशी सोय झाली. गुराख्यांसाठी गुरे चरतात तेथेच शिकविणारी ‘कुरणशाळा’ सुरू झाली.

विकासवाडीचा हा प्रयोग आजच्या दृष्टीनेही मूलगामी आहे. पाळणाघराचा लाभ केवळ तान्ह्या बालकास होतो, हा समज त्यातून दूर होतो. एका पाळणाघरामुळे माता निर्वेधपणे काम करू शकते, थोरली मुलगी शाळेत टिकते व बालकास आहार व देखरेख मिळते. स्त्री-शिक्षणाच्या गळतीचा विचार करताना आपण बहुधा माध्यमिक शाळेतील अंतर, शौचालय, विवाहाचे वय यांचा ऊहापोह करतो. कडेवरच्या भावंडाचा विचार क्वचितच होतो.

(ई) विदर्भातील लोकाश्रयाची परंपरा

माता व बालक यांच्यासाठी लोकांनी संस्था उभारण्याची परंपरा नागपूरलाही आहे. कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाचे कार्य सुरू केले. सुरक्षित प्रसूती ही ज्या काळात दुर्मीळ बाब होती, त्या काळात हे कार्य लोकाश्रयावर उभे राहिले व वाढले. जन्माच्या क्षणी समाजाने दाखविलेली ही आस्था जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंत पोचली पाहिजे, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.

शासकीय योजना आणि न्यायालयीन हस्तक्षेप

१९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने स्वयंसेवी संस्थांमार्फत बालवाड्यांना उत्तेजन दिले. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व बोर्डीच्या अंगणातील शब्द देशाच्या प्रशासकीय भाषेत रूढ झाला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्व-प्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा या योजनेत अंतर्भूत आहेत. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

या विस्तारास सर्वोच्च न्यायालयाच्या अन्न अधिकारविषयक खटल्यातील आदेशांनी मोठी चालना दिली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने योजनेचे सार्वत्रिकीकरण करण्यास सांगण्यात आले. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात पोषण आहाराच्या पुरवठ्यासाठी ठेकेदार न नेमता शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांचा उपयोग करावा, असे म्हटले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या, परंतु अंगणवाडी नसलेल्या वस्तीस मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहारास कायद्याचे अधिष्ठान प्राप्त झाले.

महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. याच काळात अंगणवाडीतच तीव्र कुपोषित बालकांना दिवसातून अनेकदा आहार व औषधोपचार देणारी ग्राम बालविकास केंद्रे राज्यात चालविण्यात आली. बालकास दूरच्या रुग्णालयात न हलविता गावातच सुधारण्याची ही पद्धत म्हणजे समुदायाधारित विचाराचे वैद्यकीय रूप होय.

या सर्व प्रयत्नांनंतरचे चित्र संमिश्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुज्या (वयाच्या मानाने कमी उंचीच्या) बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांपर्यंत खाली आले. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ३५.२ टक्के आढळले. उंचीच्या मानाने कमी वजन असलेल्या बालकांचे प्रमाण चौथ्या व पाचव्या अशा दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के राहिले. म्हणजे पहिल्या दशकातील सुधारणा पुढे थांबल्याचे दिसते.

तीन वर्षांखालील बालक : योजनेतील पोकळी

अंगणवाडीच्या दैनंदिन कार्यक्रमाचा केंद्रबिंदू तीन ते सहा वर्षे वयोगट आहे. हीच बालके प्रत्यक्ष अंगणवाडीत येतात, गरम ताजा आहार घेतात आणि गाणी-गोष्टी शिकतात. सहा महिने ते तीन वर्षे वयोगटातील बालकांसाठी घरपोच आहार दिला जातो; त्यांच्यासाठी सेविकेने गृहभेटी द्याव्यात, अशी अपेक्षा असते. परंतु माता कामावर गेली असेल तर गृहभेटीच्या वेळी घरी कोण असते? पाकिटातील आहार वेळेवर शिजवून, मऊ करून, दिवसातून तीन-चारदा भरविणार कोण? सहाव्या महिन्यानंतर केवळ मातेचे दूध पुरेसे होत नाही. बालकाचे पोट लहान असल्याने त्याला थोडे थोडे, वारंवार व स्निग्धांशयुक्त अन्न लागते. हे काम सहा-सात वर्षांच्या बहिणीकडून होण्यासारखे नाही. खुजेपणाचा पाया मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतच घातला जातो आणि नेमके याच वयात आपली सेवा पाकिटाच्या रूपाने दारापर्यंत पोचते व तेथेच थांबते.

ही उणीव भरून काढण्यासाठी पाळणाघर योजना होत्या. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र, राज्य व संस्था यांचा खर्चाचा वाटा सर्वसाधारणपणे ६०:३०:१० असा ठरला. त्यापूर्वी केंद्राचा वाटा ९० टक्के होता. एका पाळणाघरात २५ बालके, महिन्यातून २६ दिवस व दररोज साडेसात तास असे तिचे स्वरूप होते. २०२२ पासून ‘पालना’ या नावाने अंगणवाडी-सह-पाळणाघर ही कल्पना पुढे आली आहे. ही दिशा योग्य आहे. मात्र अंगणवाड्यांच्या एकूण संख्येच्या तुलनेत अशा केंद्रांचे प्रमाण अत्यल्प आहे.

कायद्यातील तरतुदींची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात प्रारंभी पन्नासपेक्षा अधिक व १९७६ नंतर तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असल्यास, तर १९९६ च्या बांधकाम कामगारविषयक कायद्यात पन्नासपेक्षा अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघर बंधनकारक करण्यात आले होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस ही अट लागू केली, तर २०२० च्या कामगार संहितांत स्त्री-पुरुष असा भेद न करता पन्नास या संख्येचा आधार घेण्यात आला. या सर्व तरतुदींचा पाया संख्या हा आहे. एकाच प्रकल्पावर अनेक उपकंत्राटदार असतील व प्रत्येकाकडे थोड्याच स्त्रिया असतील, वीटभट्टीवर दहा-बारा जोडपी असतील किंवा स्त्री पाच घरची धुणी-भांडी करीत असेल, तर संख्येची अट कधीच पूर्ण होत नाही. कायद्याचे छत्र जेथे संपते तेथूनच समुदायाधारित केंद्राची आवश्यकता सुरू होते.

काही मार्गदर्शक प्रयोग

१९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ हे कार्य सुरू केले. १९७२ मध्ये मुंबईत व १९८१ मध्ये पुण्यात त्याचा विस्तार झाला. बांधकामाच्या जागेवरच एखादी खोली मिळवून तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, मधल्या वयासाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी शाळापूरक वर्ग चालवावेत व काम संपले की मजुरांबरोबर केंद्रानेही पुढे जावे, अशी ही रचना आहे. अंगणवाडीने जे तत्त्व अंगणाला लावले, तेच येथे स्थलांतराला लावलेले दिसते.

विदर्भाच्या शेजारील छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने ‘फुलवारी’ हा उपक्रम उभारला. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांचा छोटा गट गावातीलच एका स्त्रीने दिवसभर सांभाळावा, त्यांना शिजवलेला आहार द्यावा आणि जागा गावाने द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे त्या राज्याच्या शासनानेही ही कल्पना स्वीकारली. नागपूर परिसरात मजुरीसाठी येणाऱ्या कुटुंबांत छत्तीसगडमधील कुटुंबेही असतात, हे लक्षात घेता या प्रयोगाचा अभ्यास आपल्याला अधिकच उपयुक्त आहे.

केंद्राची कार्यपद्धती

वरील अनुभवांच्या आधारे समुदायाधारित केंद्राच्या कार्यपद्धतीची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१. जागा : केंद्र मातांच्या कामावर जाण्याच्या वाटेवर किंवा वस्तीच्या आत असावे. मोठ्या इमारतीपेक्षा हवेशीर खोली, सावलीचे अंगण, कुंपण, स्वच्छ पाणी व मुलांना वापरता येईल असे शौचालय महत्त्वाचे. राख, धूळ व रहदारी असलेल्या परिसरात खोली दररोज झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेणे हिताचे. नागपूरचा उन्हाळा लक्षात घेता पत्र्याच्या छपरावर गवत किंवा तट्ट्यांचे आच्छादन आणि माठातील पाणी या गोष्टी चैनीच्या नसून सुरक्षिततेच्या आहेत.

२. वेळ : केंद्राची वेळ कार्यालयीन सोयीवरून न ठरविता मातांच्या बैठकीत ठरवावी. माता सकाळी आठला निघत असेल तर दहा वाजता उघडणारे केंद्र तिच्या उपयोगाचे नाही.

३. सेविका व बालकांचे प्रमाण : तीन वर्षांखालील आठ ते दहा बालकांमागे एक सेविका असणे इष्ट. सेविका वस्तीतील असल्यास तिला मातांची भाषा, नाती व अडचणी ठाऊक असतात. मूल घरी वऱ्हाडी, छत्तीसगढी, गोंडी वा हिंदी बोलत असेल, तर त्या भाषेतील चार शब्द सेविकेच्या तोंडी असणे हीच त्याच्या शिक्षणाची पहिली पायरी होय.

४. दिनक्रम : आल्यावर हातपाय धुणे व अंगावरील जखम, ताप, पुरळ यांची पाहणी, न्याहारी, मुक्त खेळ, गाणी व गोष्टी, दुपारचे जेवण, झोप, पुन्हा थोडा आहार, अंगणातील खेळ आणि निरोप. लहान बालकास दिनक्रमाच्या नियमितपणातून सुरक्षिततेची भावना मिळते.

५. आहार : तांदूळ, तूर व मूग डाळ, ज्वारी, शेंगदाणे, गूळ, हिरव्या भाज्या व शक्य तेथे अंडी यांपासून परिसरास परिचित असे पदार्थ करावेत. मऊ खिचडी, वरण-भात, ज्वारीची आंबील, दाण्याचा लाडू हे पदार्थ मुले आवडीने खातात. तान्ह्या बालकांच्या अन्नात चमचाभर तेल घातल्यास थोड्या अन्नातून अधिक उष्मांक मिळतात. अंगावर पिणाऱ्या बालकाच्या मातेस दुपारी येऊन पाजता यावे, अशी मोकळीक ठेवावी.

६. वाढीची नोंद : दर महिन्यास वजन, ठरावीक कालांतराने उंची आणि दंडघेर यांची नोंद घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयातील बालकाचा दंडघेर ११५ मि.मी. पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित मानून तात्काळ आरोग्य केंद्राकडे पाठवावे. ११५ ते १२५ मि.मी. दरम्यान असल्यास अतिरिक्त आहार व लक्ष द्यावे. वाढीचा आलेख मातेस समजावून सांगितला नाही, तर नोंदीचे अर्धे प्रयोजन वाया जाते.

७. खेळ व शिक्षण : चिंचोके, कापडी चेंडू, चिंध्यांच्या बाहुल्या, मातीची भांडी, लाकडी ठोकळे ही साधने पुरेशी आहेत. आपल्या भागातील तान्हा पोळा हा बालकांचाच सण. लाकडी बैल सजविणे, मिरविणे, त्याच्याविषयी बोलणे यांतून भाषा, हस्तकौशल्य व सामाजिकता यांचे शिक्षण सहज घडते. अतिशय लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या तोंडात जाऊ शकतात. त्यामुळे चिंचोक्यांसारखी साधने केवळ मोठ्या गटासाठी ठेवावीत.

८. व्यवस्थापन समिती व हिशेब : मातांची बहुसंख्या असलेली समिती असावी. तिने सेविकेची निवड, वेळ, आहाराची यादी व सुट्ट्या ठरवाव्यात. महिन्याचा जमाखर्च केंद्राच्या भिंतीवर लावावा. मातांकडून अल्प वर्गणी घेतल्यास मालकीची भावना निर्माण होते. परंतु वर्गणी न दिल्यामुळे एकाही बालकास परत पाठविले जाऊ नये.

९. सुरक्षितता : मूल कोणी आणले व कोण नेणार, याची नोंद, स्वयंपाकाची जागा वेगळी, प्रथमोपचार पेटी, आणि जवळच्या आरोग्य केंद्राशी निश्चित संपर्क या गोष्टी अनिवार्य आहेत.

सेविकेचा प्रश्न

या संपूर्ण रचनेचा कणा सेविका आहे आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना आजही वेतनाऐवजी मानधन मिळते. त्यांच्याकडे बालसंगोपनाबरोबरच सर्वेक्षणे, नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती भरणे अशी कामे येतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्यास पात्र असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२४ पर्यंत चाललेला महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप याच असंतोषाचा परिपाक होता.

समुदायाधारित या शब्दाचा एक धोका येथे नमूद करणे आवश्यक वाटते. समुदायाचा सहभाग म्हणजे गरीब स्त्रियांचे विनामूल्य वा अल्पमोल श्रम, असा त्याचा अर्थ सोयीस्करपणे लावला जातो. एका मजूर स्त्रीस कामावर जाता यावे म्हणून दुसऱ्या स्त्रीने जवळपास फुकट राबावे, ही व्यवस्था न्याय्य नाही व टिकाऊही नाही. अनुताईंचा त्याग वंदनीय आहे. परंतु लाखो सेविकांकडून आयुष्यभर त्यागाची अपेक्षा करून राष्ट्रीय योजना चालविता येत नाही. जागा, वेळ व देखरेख समुदायाची आणि वेतनाची हमी शासनाची, अशी विभागणीच योग्य ठरेल.

कोराडी परिसर आणि महाविद्यालयाची भूमिका

कोराडी, महादुला, खापरखेडा या पट्ट्यात अंगणवाडी, आरोग्य केंद्र, विद्युत केंद्रासारखा मोठा उद्योग, देवस्थान आणि महाविद्यालयीन शिक्षणाची सोय या पाचही गोष्टी एकमेकींच्या जवळ आहेत. ग्रामीण भागात असा योग सहसा आढळत नाही. उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून इमारती व साहित्य मिळू शकते. मात्र नित्याचे वेतन, आहार व देखरेख यांची तरतूद झाल्याशिवाय नवी इमारत कुलूपबंद राहण्याचा संभव असतो. नवरात्रात देवस्थानाच्या परिसरात गर्दी वाढते, तेव्हा फुले-प्रसादाची दुकाने चालविणाऱ्या स्त्रियांच्या कामाचे तासही वाढतात. अशा काळासाठी तात्पुरत्या केंद्राचा विचार करता येईल.

महाविद्यालयाच्या विविध विभागांना या कार्यात निश्चित स्थान आहे. समाजशास्त्र विभागास वस्तीनिहाय पाहणी करून सहा वर्षांखालील बालकांची यादी सिद्ध करता येईल. ४० बालके असूनही अंगणवाडी नसलेली वस्ती आढळल्यास ती मागणीचा आधार ठरेल. गृहअर्थशास्त्र विभाग आहाराची आखणी व सेविकांचे प्रशिक्षण करू शकतो. वाणिज्य विभाग समितीस हिशेब ठेवण्यास साहाय्य करू शकतो. मराठी व हिंदी विभाग भुलाबाईची गाणी, लोककथा व अंगाईगीते यांचे बालोपयोगी संकलन करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी खेळणी तयार करू शकतात. मात्र विद्यार्थ्यांची भेट वर्षातून एकदा छायाचित्रापुरती न राहता तिचे वेळापत्रक केंद्राच्या गरजेप्रमाणे ठरले पाहिजे.

आपल्या वर्गात बसणाऱ्या काही विद्यार्थिनी याच वस्त्यांतून येतात. धाकटे भावंड सांभाळत त्या येथपर्यंत पोचल्या आहेत. ज्या पोचू शकल्या नाहीत त्यांची नावे आपल्या हजेरीपटावर कधी आलीच नाहीत. उच्च शिक्षणातील प्रवेशाचा विचार आपण बारावीच्या निकालापासून करतो. त्याचा प्रारंभ खरे तर वस्तीतील पाळणाघरापासून होतो.

समारोप

बोर्डीच्या अंगणापासून आरंभ झालेला हा प्रवास आठ दशकांचा आहे. या काळात अंगणवाडी हे नाव सर्वदूर पोचले. परंतु मूल येत नसेल तर केंद्राने त्याच्याकडे जावे, हे त्यामागील तत्त्व काहीसे मागे पडले. आज जे मूल अंगणवाडीत येत नाही, ते बहुधा तीन वर्षांखालील आहे, त्याची माता दिवसभर कामावर आहे आणि त्याची बहीण शाळेबाहेर आहे. त्याच्यापर्यंत जाणे म्हणजे मातेच्या कामाच्या वेळेत, तिच्या वस्तीत, योग्य वेतन मिळणाऱ्या सेविकेच्या हाती चालणारे केंद्र उभारणे होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मेंदूच्या विकासाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहा वर्षांपूर्वीच घडतो, असे नमूद करून तीन ते आठ या वयोगटास पायाभूत स्तर मानले आहे. तीन वर्षांपूर्वीचा काळ त्याही पायाखालची जमीन आहे. कोराडीसारख्या परिसरात ही जमीन भक्कम करण्याचे काम शासन, उद्योग, वस्ती आणि महाविद्यालय यांनी एकत्र येऊन हाती घेतल्यास ताराबाई व अनुताई यांच्या कार्याचा वारसा विदर्भाच्या भूमीतही रुजेल, असा विश्वास वाटतो.